मटणाच्या ट्रेवरचं जन्मगाव

मटण चांगलं होतं, हे आधी सांगून टाकतो. घाईत असलेल्यांनी इथंच थांबायला हरकत नाही. पुढचं बरंचसं त्या मटणावर चिकटवलेल्या कागदाबद्दल आहे.

लेक न्यू जर्सीत राहते, एडिसनच्या जवळ. आम्ही दोघं फेब्रुवारीत आलो. मी 31 वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. माणूस निवृत्त होतो, पण हातात आलेलं पाकीट उलटं करून वाचायची खोड काही जात नाही. बायको म्हणते, यांच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी आधी निव्वळ वजन शोधतील.

परीक्षण आहे ते लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका मोठ्या साखळी दुकानाच्या मांस विभागाचं. नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर एक तक्रारही आहे. शिवाय अशी दुकानं इथं कुठंही गेलात तरी एकाच साच्यातली असतात: दारात फुलं, मग भाज्या, आणि सगळ्यात मागच्या भिंतीला मांस. तिथं पोचेपर्यंत गाडी निम्मी भरलेलीच पाहिजे, असा हिशेब असावा.

पहिल्या शनिवारी बोकडाचं मटण घेतलं. हाडासकट तुकडे, फोमचा पांढरा ट्रे, वर ताणून बसवलेलं प्लॅस्टिक. निव्वळ वजन 2.18 पौंड, दर पौंडाला 9.99 डॉलर, किंमत 21.78. गुणाकार मनात केला, बरोबर निघाला. घरी आल्यावर लेकीच्या केक करायच्या काट्यावर तुकडे तोलले तर 973 ग्रॅम भरले. लेबलाप्रमाणे 989 भरायला हवे होते. उरलेले 16 ग्रॅम ट्रेच्या तळाशी असतो त्या रक्त शोषणाऱ्या चौकोनी पॅडमध्ये गेले असणार. पॅड पिळून बघतो म्हणालो तर लेकीनं तो माझ्या हातातून काढून कचऱ्यात टाकला. त्यामुळे त्या 16 ग्रॅमचा पंचनामा अपुरा राहिला. काउंटरवरच्या काट्याला वजनमापे खात्याचा शिक्का होता, तारीख ताजी होती. एवढ्यावर मी समाधान मानलं.

पण माझी नजर अडकली ती दराच्या खालच्या ओळीवर. बारीक पण स्वच्छ छपाई: प्रॉडक्ट ऑफ ऑस्ट्रेलिया.

जावयाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘बाबा, इथं बहुतेक बोकड ऑस्ट्रेलियाचाच मिळतो.’’ एवढं सांगून तो फोनकडे वळला. मला मात्र झोप येईना. ज्या देशात मैलोन् मैल कुरणं आहेत, तिथं बोकड समुद्र ओलांडून का येतो? आणि येतो तो येतो, दुकानदार ते कबूल का करतो? आमच्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो. पाकिटावर गिऱ्हाइकाच्या कामाची एखादी ओळ छापलेली दिसली, की ती छापायला लावणारा कायदा कुठंतरी असतोच. तो शोधायला पुढचे चार दिवस गेले. बायकोच्या मते वायाच गेले.

कायद्याचं नाव कंट्री ऑफ ओरिजिन लेबलिंग, म्हणजे माल कुठल्या देशाचा ते लेबलावर लिहिणं. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं कूल, आणि इथले लोक खरोखरच त्याला कूल म्हणतात. 2002 च्या शेती कायद्यात त्याचं मूळ आहे. मासळीला तो 2005 मध्ये लागू झाला. बाकीच्या मालाची टाळाटाळ चालू राहिली. 2008 च्या शेती कायद्यानं देश लिहायच्या मालाच्या यादीत कोंबडी आणि बोकड घातले, आणि मार्च 2009 पासून अंतिम नियम आला. म्हणजे आपल्या रविवारच्या मटणावर जी ओळ आहे ती तशी उशिराच आलेली आहे. गाय, डुक्कर, मेंढी यांची नावं आधीपासून होती, बोकड मागाहून रांगेत शिरला.

आता गंमत बघा. रांगेत पहिली उभी होती ती गाय आणि डुक्कर आज यादीत नाहीत. बोकड आहे, मेंढी आहे, कोंबडी आहे, हरणाचं मांसही आहे. गोमांस आणि डुकराचं मांस 2015 च्या डिसेंबरात वगळलं. दुकानात हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. मी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, चष्मा लावून. मेंढीचे चॉप: न्यूझीलंड. बोकड: ऑस्ट्रेलिया. कोंबडी: अमेरिका. पुढं गोमांसाची लांबलचक फळी, आणि तिथं बऱ्याच पाकिटांवर जन्मगावाचा पत्ताच नाही. गोमांस आम्ही खात नाही, पण लेबल वाचायला धर्म आड येत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. म्हातारा प्रत्येक पाकीट उचलतो, वाचतो आणि परत ठेवतो, म्हटल्यावर बघणारच.

वगळलं का, ते प्रकरण मला आमच्या खात्यातल्या फायलीसारखं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2013 मध्ये इथल्या कृषी खात्यानं नियम कडक केला. नुसता देश लिहून भागणार नाही, जनावर जन्मलं कुठं, वाढलं कुठं, कापलं कुठं, तिन्ही लिहा. कागदावर झकास. पण या खंडात वासरू मेक्सिकोत जन्मायचं आणि अमेरिकेतल्या गोठ्यांत पुष्ट व्हायचं. कॅनडातली डुकराची पिल्लं अमेरिकेतल्या मध्यपश्चिमेच्या शेतांवर वाढतात. एकाच कत्तलखान्यात तीन देशांची जनावरं येणार आणि प्रत्येकाची रांग, प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा. त्यापेक्षा परदेशी जनावर घेऊच नका किंवा घेतलं तर दर पाडून घ्या, हा धंद्याचा सरळ विचार. आधीच्या नियमाविरुद्ध जिंकलेले कॅनडा आणि मेक्सिको पुन्हा जागतिक व्यापार संघटनेकडे गेले आणि पुन्हा जिंकले. अमेरिकेनं अपील केलं, परत हरली. निकालाचा गाभा मला आवडला. उत्पादकांकडून जेवढी माहिती गोळा करायला लावता, तेवढी गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. म्हणजे नोंदी ठेवण्याचा बोजा तेवढा परदेशी जनावरांवर पडतो. हे आमच्या तपासणी अहवालांनाही लागू पडलं असतं, पण ते असो.

डिसेंबर 2015 मध्ये नुकसानीचा आकडा ठरला. कॅनडाला वर्षाला 1 अब्ज कॅनेडियन डॉलरहून जास्त आणि मेक्सिकोला जवळपास 22 कोटी 80 लाख अमेरिकी डॉलर एवढ्या रकमेचे बदल्याचे कर अमेरिकी मालावर लावायची मुभा मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेनं खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात दोन ओळी घुसवून गाय आणि डुक्कर यादीतून काढून टाकले. बोकडावर कुणी खटला घातला नव्हता, म्हणून तो राहिला.

मग गोमांसाच्या काही पाकिटांवर ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ लिहिलेलं असतं ते काय? ते ऐच्छिक. लिहायचं तर लिहा, नाहीतर गप्प बसा. आणि कित्येक वर्षं या ऐच्छिक ओळीचा अर्थ भलताच सैल होता. बाहेरून आलेलं मांस इथल्या कारखान्यात नुसतं कापून पुन्हा बांधलं, तरी त्यावर अमेरिकेचा माल असं छापता येत असे. आमच्याकडे एखाद्या व्यापाऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याचं पाकीट जप्त करून चहासुद्धा न घेता निघालो असतो. मार्च 2024 मध्ये कृषी खात्यानं हे भोक बुजवलं. आता ती ओळ लावायची तर जनावर इथंच जन्मलेलं, वाढलेलं, कापलेलं आणि मांसही इथंच तयार झालेलं पाहिजे. पाळायची तारीख 1 जानेवारी 2026. अर्धवट दावा करायचा असेल तर तो फोड करून लिहायचा. त्याचा नमुनाच दिला आहे: परदेशी डुकराचं मांस वापरून अमेरिकेत कापलं आणि पॅक केलं. असं सरळ बोलणारं लेबल मी अजून फळीवर पाहिलेलं नाही. दिसलं तर फोटो काढून ठेवणार आहे.

एक सूचना नव्यानं आलेल्या मंडळींसाठी. पाकिटावर कृषी खात्याचा गोल शिक्का असतो, आत कारखान्याचा नंबर. तो बघून ‘चला, अमेरिकेचा माल’ असं समजू नका. माझ्या बायकोनं तेच समजून दोन दिवस माझ्याशी वाद घातला. तो शिक्का सांगतो, मांस तपासलं आहे. जनावर कुठलं हे तो सांगत नाही. परदेशातून आलेलं मांस इथल्या कारखान्यात गेलं की त्यालाही तोच शिक्का बसतो. प्राइम, चॉइस वगैरे ढालीच्या आकाराची जी खूण असते ती दर्जाची, तिचाही जन्मगावाशी संबंध नाही.

आता दुकानाची तक्रार.

पाकिटातलं मटण सोडून काचेच्या पेटीतही मांस मांडलेलं असतं. पाहिजे तेवढं सांगायचं, काउंटरवरचा मुलगा कागदात बांधून देतो. तिथं प्रत्येक थाळीत पाटी खोचलेली. तिसऱ्या शनिवारी मेंढीचा खांदा घेतला. पाटीवर लिहिलं होतं न्यूझीलंड. मुलानं तोलून, बांधून, काट्यातून निघालेलं स्टिकर चिकटवून दिलं. स्टिकरवर ऑस्ट्रेलिया.

मी पुडकं परत त्याच्यासमोर ठेवलं आणि दोन्हीकडे बोट दाखवलं. लेक मागून माझी बाही ओढत होती. ‘‘बाबा, चला ना. इथं तुम्ही साहेब नाही.’’ मुलगा विशीतला, कानात बाळी. त्यानं पाटी पाहिली, स्टिकर पाहिलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाला की मला ठाऊक नाही, विचारून येतो. आत गेला, मॅनेजरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी मागच्या शीतगृहात जाऊन खोकं बघितलं. ऑस्ट्रेलिया. पाटी आधीच्या मालाची राहून गेली होती. बाईंनी माझ्यासमोर पाटी उपटली, आभार मानले, आणि दोन डॉलर कमी करून देऊ का विचारलं. दोन डॉलर नको म्हणालो. पुढच्या शनिवारी मुद्दाम गेलो. नवी पाटी, ऑस्ट्रेलिया, अक्षर हाताचं पण ठळक.

चूक झाली म्हणून मी गुण कापले, पण ज्या पद्धतीनं निस्तरली त्याचे परत दिले. कायद्यात अशा चुकीला आधी 30 दिवसांची मुदत असते. त्या काळात सुधारली नाही आणि जाणूनबुजून केली असं ठरलं तर दंड, 2008 च्या शेती कायद्याप्रमाणे एका चुकीला 1,000 डॉलरपर्यंत. तपासायला केंद्राचे लोक क्वचितच येतात. राज्यांच्या खात्यांशी करार करून त्यांच्याच माणसांकडून दुकानं तपासून घेतात. म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी निरीक्षक या फळीसमोर वही घेऊन उभा राहत असणार. त्याला भेटायची फार इच्छा आहे. प्रवासभत्ता वेळेवर मिळतो का, एवढंच विचारायचंय.

आता खिमा. मेंढीच्या खिम्याचं पाकीट हातात घेतलं तर त्यावर एक देश नाही, तीन: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका. जावई म्हणाला, हा काय खिमा आहे की क्रिकेटचा तिरंगी सामना. कारण साधं आहे. खिम्यात अनेक जनावरांचं मांस एकत्र दळलं जातं. नियम असा की या घाण्यात ज्या देशांचं मांस असण्याची रास्त शक्यता आहे ते सगळे देश लिहायचे. आणि एखाद्या देशाचा कच्चा माल कारखान्याच्या साठ्यात 60 दिवसांपेक्षा जास्त काळ नसेल तर त्याचं नाव काढायचं. म्हणजे तुमच्या हातातल्या पाकिटात त्यातल्या एखाद्या देशाचा कणही नसू शकतो. लेबल खोटं नाही, पण त्यातून तुम्हाला कळत मात्र काही नाही. खिमा पाहिजे असेल तर माझा सल्ला: एका देशाचा खांदा घ्या आणि काउंटरवर दळून मागा. आमच्या दुकानात फुकट दळून देतात. त्या खिम्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. बायकोनं त्यात मेथी घातली होती.

कोंबडीबद्दल फार लिहायला नको. इथं विकली जाणारी कच्ची कोंबडी जवळजवळ सगळी इथलीच, त्यामुळे लेबलात रहस्य उरत नाही. फक्त भाषेची एक मजा. नियमाप्रमाणे ‘स्लॉटर्ड’, म्हणजे कापलेली, या शब्दाऐवजी ‘हार्वेस्टेड’ लिहिलं तरी चालतं. एका पाकिटावर तसंच होतं. अंड्यातून बाहेर आली, वाढली आणि हार्वेस्ट झाली, सगळं अमेरिकेत. हार्वेस्ट म्हणजे सुगी हो! आमच्या गावाकडे कोंबडीची सुगी झाली असं म्हटलं तर लोक लांडगा आला की काय म्हणून धावतील.

त्याच कोंबडीपासून दहा पावलांवर भाजलेल्या आख्ख्या कोंबड्या गरम पेटीत फिरत असतात. वास असा की माझ्यासारखा हिशेबी माणूसही खिशात हात घालतो. घेतली. लेबल वाचलं. वजन आहे, मीठ-मसाला काय घातला ते आहे, उष्मांक आहेत. देश नाही. कारण शिजवलं, खारवलं, धुरवलं किंवा दुसरा पदार्थ लावून रूप बदललं, की मांस या कायद्याच्या कक्षेबाहेर. ब्रेडचा चुरा लावलेल्या कोंबडीच्या कांड्या, मांसाचे गोळे, सॉसेज, सगळे बिनगावाचे. आणि हॉटेलांना तर कायदा लागूच नाही. गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला एका उपाहारगृहात गोट करी मागवली, तेव्हा वाढप्याला मी काही विचारलं नाही. लेकीनं गाडीतच शपथ घातली होती.

मासळीच्या बाजूला एक धक्का बसला, तो सांगायचा राहिला. गोठवलेल्या कच्च्या कोळंबीची पिशवी, त्यावर शेततळ्यात वाढवलेली, आणि देश: भारत. मासळीला देशाबरोबर समुद्रातली की तळ्यातली हेही लिहावं लागतं. बायको रत्नागिरीकडची. पिशवी हातात धरून म्हणाली, ‘‘बघा, ही आपल्या आधी पोचली. हिला व्हिसा नाही लागला.’’

आता दुसरं दुकान, कारण त्याच्याशिवाय हे परीक्षण अर्धं राहील.

मोठ्या दुकानातल्या मटणाचा एक मोठा दोष म्हणजे तुकडे. ओबडधोबड, एखादा मुठीएवढा, एखादा सुपारीएवढा. करवतीनं कापल्यामुळे हाडाचा भुसा मांसाला चिकटलेला, तो तीनदा धुवावा लागतो. नळी कुठली, सीना कुठला, काही ओळखू येत नाही. रश्शाला हे चालत नाही. म्हणून लेकीच्या ओळखीच्या एका छोट्या हलाल दुकानात गेलो. दोन माणसांचा कारभार, काउंटरमागे पांढऱ्या अॅप्रनमधला पन्नाशीचा गृहस्थ, हिंदी बोलणारा. मी सांगितलं तसं त्यानं कापलं: फरा थोडा, सीना थोडा, दोन नळ्या, गर्दन नको. काळीज वर टाकलं, न मागता. दर 10.49, पण निवड आपली.

विचारलं, बोकड कुठला? ‘‘अंकल, एकदम लोकल. फ्रेश. इधर न्यू जर्सी का.’’

तेवढ्यात मागचं जाड प्लॅस्टिकचं पडदेवजा दार कुणीतरी ढकललं, आणि आत रचलेली पुठ्ठ्याची खोकी दिसली. वरच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरं, प्रॉडक्ट ऑफ ऑस्ट्रेलिया. करवतीच्या टेबलावर बर्फाचा थर धरलेला धडाचा तुकडा. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. लेकीनं घाईघाईनं पैसे दिले.

घरी येऊन मी तावातावानं नियम उघडले, आता याला कायदा दाखवतो म्हणून. तर कायदा त्याच्या बाजूचा निघाला! कूलचा नियम फक्त ठरावीक दुकानांना लागू आहे. कुठल्या? ज्यांना फळं-भाज्यांच्या व्यापाराच्या 1930 च्या एका कायद्याखाली परवाना लागतो त्यांना. आणि तो परवाना कधी लागतो, तर वर्षाला 2,30,000 डॉलरहून जास्त किमतीची ताजी आणि गोठवलेली फळं-भाज्या खरेदी केली तर. थोडक्यात, मटणावर देश लिहायचा की नाही हे दुकान भाज्या किती घेतं त्यावर ठरतं. निव्वळ खाटकाचं दुकान भाजी विकत नाही, म्हणून सुटलं. या गृहस्थाकडे भाजी म्हणजे एका टोपलीत लिंबं आणि हिरव्या मिरच्या. आयात झालेल्या खोक्यावर देश छापलेला असलाच पाहिजे, तो असतोही. पण खोकं मागे राहतं, तुकडे पुढे येतात, आणि मधल्या पडद्याशी बोकडाचं जन्मगाव पुसलं जातं. देश लिहून न ठेवणं माफ असेल. तोंडानं खोटं सांगणं मात्र मी माफ करणार नव्हतो.

बरं, ऑस्ट्रेलियाचा बोकड वाईट असतो का? मुळीच नाही. तिकडे पाळलेले कमी, उजाड माळरानांवर मोकाट फिरणारे जास्त. गोळा करतात, कापतात, गोठवून पाठवतात, आणि अमेरिका त्याचं फार मोठं गिऱ्हाईक आहे. मोकाट फिरलेलं जनावर म्हटल्यावर चरबी कमी आणि मांस चिवट. इथल्या मंडळींची तक्रार असते की मटण शिजत नाही. शिजतं, पण जन्मगाव माहीत पाहिजे. कोवळ्या करडाला चार शिट्ट्या पुरतात, याला आम्ही सात दिल्या आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं. दही-आलं लावून रात्रभर ठेवलं तर आणखी चांगलं. पहिल्या शनिवारी लेबल न वाचता नेहमीसारखा कुकर लावला असता तर दातांचा डॉक्टर गाठावा लागला असता. लेबलाचा खरा उपयोग मला स्वयंपाकघरात कळला. देशाभिमानाशी त्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून गुण असे. मोठ्या दुकानाच्या मांस विभागाला पाचपैकी चार. एक कापला तो तुकड्यांच्या आकारासाठी. पाटीची चूक सोडून दिली. गर्दी टाळायची असेल तर सकाळी लवकर जा, बोकडाचे ट्रे शुक्रवारी संध्याकाळी भरतात आणि शनिवारी दुपारपर्यंत संपतात. छोट्या दुकानाला मी त्या दिवशी दोन दिले होते आणि परत पाय ठेवणार नाही असं जाहीर केलं होतं.

पंधरा दिवसांनी पाहुणे येणार होते. बायकोला नळ्या पाहिजे होत्या, आणि नळ्या फक्त तिथं. गेलो. गर्दी होती. माझा नंबर आला तसं त्या गृहस्थानं ओळखलं. करवत बंद केली, हात पुसले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, ‘‘अंकल, ऑस्ट्रेलिया.’’ मागच्या रांगेतली बाई दचकून आमच्याकडे बघायला लागली.

तीन पौंड सांगितले होते, पाच घेतले.